कागदावर नसलेलं वाक्य

पत्रीपूल उतरून दोघी बैल बाजाराच्या बाजूला लागल्या, तेव्हा मालनताई रस्त्याच्या कडेला एकदम थांबल्या.

"शकू, समज सरांनी मला दारातूनच घालवून दिलं, तर?"

"तर परत चालत जाऊ," शकू म्हणाली. "आलोय तशाच."

"तुला मस्करी सुचतेय."

"मग काय रडू? चला, ऊन चढतंय."

ठाकुर्लीहून निघून त्यांना तास व्हायला आला होता. रविवार होता, मेगाब्लॉक होता. पण गाड्या धड असत्या तरी मालनताई गाडीत बसल्या नसत्या. नव्वद फुटी रस्त्यावर तीन रिक्षावाल्यांनी आपण होऊन रिक्षा हळू केल्या, तिघांनाही त्यांनी हातानेच वाटेला लावलं. "रिक्षात बसलो की दहा-पंधरा मिनिटांत दारात. मग तिथे बोलू काय? चालता चालता ठरेल तरी," असं त्यांचं म्हणणं. आणि ठरत तर काहीच नव्हतं. बोलायचं वाक्य त्या मनात जुळवत, दोन पावलांवर मोडत, पुन्हा जुळवत. शकूला ते त्यांच्या ओठांवरून दिसत होतं.

शकू ठाकुर्लीच्या वाचनालयात पुस्तकांची देवघेव बघायची. गावदेवीच्या देवळामागे, सभागृहावरच्या माडीत ते वाचनालय. दरवर्षी माघी गणपतीत त्यांची निबंध स्पर्धा असते, मोठ्या माणसांसाठी. एक विषय सामाजिक, एक साहित्याचा, ज्याला जो हवा तो घ्यावा. परीक्षक तीन. कल्याणला राहणारे, कॉलेजातून निवृत्त झालेले राजरत्न साळवे सर, ठाण्याला वर्तकनगरात राहणारी आणि शाळेत शिकवणारी समीक्षा, आणि मालनताई.

निकाल आजच संध्याकाळी होता, आरती झाल्यावर. पहिल्या बक्षिसाचा निबंध ठरलेला होता, सतरा नंबरचा. आणि त्यात एक वाक्य असं होतं, जे लिहिणारीने लिहिलंच नव्हतं. ते मालनताईंचं होतं.

हे कसं झालं ते कळायला आधी मालनताई कळायला हव्यात.

मालनताई आगऱ्यांच्या. माहेर कळव्याकडचं, वडील मिठागरात. त्या वेळी गावातून मॅट्रिकपर्यंत पोचलेली ही एकटीच मुलगी. लग्न होऊन ठाकुर्लीला, चोळेगावात आली. सासरची शेती होती ती बिल्डिंगींखाली जाऊ लागली होती, पण पैसे अजून दिसत नव्हते. नवऱ्याला कुणीतरी सांगितलं, वागळे इस्टेटच्या एका छापखान्यात वाचणारी बाई पाहिजे.

वाचणारी बाई म्हणजे कॉपी होल्डर. मुद्रितशोधक समोर छापलेलं प्रूफ घेऊन बसतो आणि ही मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचते. अक्षर न् अक्षर, स्वल्पविराम, पूर्णविराम, नवा परिच्छेद, सगळं तोंडाने म्हणायचं. मालकाने मालनताईंच्या हातात एक पान दिलं आणि वाचायला सांगितलं. त्या पानात एक ओळ चुकून दोनदा लिहिलेली होती. आधी आलेल्या तीन शिकलेल्या बायकांनी ती एकदाच वाचली, पुढे गेल्या. मालनताईंनी दोनदा वाचली. मालक म्हणाले, उद्यापासून या.

तिथे त्यांनी एकतीस वर्षं काढली. समोर देवराम मास्तर, हातात लाल पेन. समाजावरचे लेख, साहित्यावरचे लेख, प्रबंध, सोसायट्यांच्या स्मरणिका, सत्कार समारंभांचे गौरव अंक, सगळं त्यांच्या गळ्यातून गेलं. देवराम मास्तरांचा एकच नियम होता. कागदावर आहे ते वाचायचं. चुकलेलं चुकलेलं वाचायचं, सुधारायचं काम माझं. सासू शेजारणींना सांगायची, "आमची सून झोपेत पन पूर्णविराम बोलते." आणि मालनताई सांगतात, ते अगदीच खोटं नव्हतं.

इतकं वाचून त्यांना एक कान आला. कुठल्या लेखात दम आहे आणि कुठला नुसता फुगलाय, ते त्यांना श्वासावरून कळायचं. "वाचताना दम लागला की समजायचं, लिहिणाऱ्याला काय म्हणायचंय ते त्यालाच ठाऊक नाही," असं त्या म्हणत. म्हणूनच सहा वर्षांपूर्वी वाचनालयाने त्यांना परीक्षक केलं. तेव्हा दोन-चार लोकांनी नाकं मुरडली. मॅट्रिकची बाई आणि निबंध तपासणार? साळवे सरांनी त्यांचा एकच कागद पाहिला आणि म्हणाले, बाकी कुणी नसलं तरी चालेल, या पाहिजेत.

कागद म्हणजे गुणदोषाची चिठ्ठी. वाचनालयाची ही पद्धत, की प्रत्येक स्पर्धकाला, बक्षीस असो नसो, एक चिठ्ठी जाते. बरं काय आहे ते दोन ओळींत आणि कमी काय आहे ते एका ओळीत. खाली नाव नाही. मालनताईंच्या चिठ्ठ्या मात्र नाव नसतानाही ओळखू यायच्या. "समाज बदलला पाहिजे असं तुम्ही सात वेळा लिहिलंत. कुणी, कधी, काय करायचं, ते एकदाही नाही." किंवा, "पहिला परिच्छेद काढून टाका. तुमचा निबंध दुसऱ्यापासून सुरू होतो." यंदा नऊ नंबरच्या निबंधात एका बाईंनी आपल्या इमारतीच्या वॉचमनबद्दल लिहिलं होतं, फार मायेने. मालनताईंनी गुण भरभरून दिले आणि खाली लिहिलं, "त्याचं नाव शेवटपर्यंत आलं नाही. ठाऊक नसेल तर आज विचारून घ्या." शकूने ती चिठ्ठी वाचली आणि संध्याकाळी स्वतःच्या वॉचमनला नाव विचारून आली.

दुसरी पद्धत वाचनाची. निबंध परीक्षकांच्या हातात द्यायचे नाहीत. सुंदर अक्षर दिसलं की मार्क वाढतात, गिचमिड दिसली की कमी होतात, हे सरांनी स्वतःवरून ओळखलेलं. म्हणून एकाने वाचायचं आणि दोघांनी ऐकायचं. वाचणार अर्थात मालनताई. मार्क मात्र तिघांनीही द्यायचे.

सतरा नंबरचा निबंध साहित्याच्या विषयावर होता. विषय होता, लिहून न ठेवलेलं साहित्य. लिहिणारीने धवलारणीवर लिहिलं होतं. आगऱ्यांच्या लग्नात धवले गायला बसते ती म्हातारी, जिच्या गाण्याशिवाय लग्न लागल्यासारखं वाटत नाही. लिहिणारी बाहेरची होती हे उघड होतं. मैत्रिणीच्या लग्नाला गेली, धवलारीण बघितली, कुणा-कुणाला विचारत फिरली. मालनताई ते वाचत गेल्या, सर टिपणं घेत होते, समीक्षा पेन चावत होती. मार्क झाले. नऊ आणि सतरा यांच्यात अर्ध्या मार्काचा फरक पडला. सतरा वर.

शनिवारी दुपारी मालनताई सतराची चिठ्ठी लिहायला बसल्या. त्यातलं एक वाक्य त्यांच्या मनात घर करून होतं. नवरीच्या अंगावरची हळद वाळत येते तसा धवलारणीचा आवाज घट्ट होत जातो, आणि मग तो पुसता येत नाही. ते चिठ्ठीत उतरवून घ्यावं म्हणून त्यांनी पान उघडलं.

वाक्य नव्हतं.

पुढचं पान पाहिलं, मागचं पाहिलं, पाठीमागची कोरी बाजूही पाहिली. कागदावर होतं ते एवढंच: "धवलारीण गायला बसली. मला शब्द नीट कळले नाहीत." आणि तिथून थेट पुढचा परिच्छेद.

शकूला फोन आला तेव्हा ती गणपतीच्या दूर्वा निवडत होती. पलीकडून मालनताईंचा आवाज असा होता, की घरात कुणी गेलं की काय असं तिला वाटलं.

"शकू, मी कागदावर नसलेलं वाचलं गं."

आता बैल बाजारातून शिवाजी चौकाकडे जाताना त्या तेच पुन्हा सांगत होत्या, पाचव्यांदा.

"माझी आई धवलारीण होती. रखमाबाई म्हटलं की कळव्यापासून दिव्यापर्यंत लोक न्यायला यायचे. त्या पोरीने लिहिलं, शब्द कळले नाहीत, आणि माझ्या डोळ्यांपुढे आई बसली. आणि मी बोलून गेले. वाचल्यासारखंच बोलले गं, स्वल्पविराम धरून!"

"मुद्दाम तर नाही ना केलंत?"

"मुद्दाम केलं असतं तर कळलं तरी असतं!" मालनताई कळवळल्या. "एकतीस वर्षांत एक शब्द इकडचा तिकडे नाय केला. आणि आता केला तो असा, की एकीचं बक्षीस दुसरीला गेलं. त्या वॉचमनवाल्या बाईचं मी काढून घेतलं, शकू. अर्धा मार्क तो केवढा? माझ्या एका वाक्याएवढा."

खरं तर शकूच्या मनात कालपासून एक वाईट विचार येऊन गेला होता. कुणाला कळणार आहे? निबंधांचे गठ्ठे कपाटात जातील, संध्याकाळी टाळ्या होतील. पण सकाळी देवापुढे हात जोडताना तो विचार पुढे मांडायची तिला लाज वाटली होती. म्हणून तर ती सोबत आली.

"सरांनी काढून टाकलं तर टाकू दे," मालनताई म्हणाल्या. "पण संध्याकाळच्या आत त्यांना कळलं पाहिजे."

काळा तलावाजवळ सरांची इमारत. दुसऱ्या मजल्यावर जाईपर्यंत मालनताई जिन्यात दोनदा थांबल्या. दार सरांच्या पत्नीने, कलावतीबाईंनी उघडलं. आत सर जमिनीवर वर्तमानपत्र पसरून मटार सोलत बसले होते, पुढ्यात हा ढीग.

"या या, मालनबाई! बरोबर वेळेला आलात. बसा, लागा कामाला. ही मला सकाळपासून उठू देत नाहीये."

"पाच किलो स्वस्त मिळाले म्हणून कोणी आणले?" कलावतीबाई आतून म्हणाल्या. "मी नाही."

मालनताई बसल्या, हातात शेंग घेतली आणि शेंग फोडण्याच्या आत सगळं सांगून टाकलं. रस्ताभर जुळवलेलं एकही वाक्य त्यात नव्हतं. आधी आई आली, मग हळद आली, मग कागद, मग देवराम मास्तर. शेवटी पिशवीतून निबंधाची झेरॉक्स काढून त्यांनी सरांपुढे ठेवली.

"हे बघा. इथे नाही ते. मी खोटं वाचलं. माझं नाव परीक्षकांतून काढा, पण त्या नऊ नंबरच्या बाईचं बक्षीस तिला द्या."

सरांनी चष्मा लावला आणि निबंध वाचायला घेतला. पहिल्यापासून शेवटपर्यंत, मनातल्या मनात. मालनताई शेंगा फोडत राहिल्या. एकही दाणा भांड्यात पडत नव्हता, सगळे वर्तमानपत्रावर उडत होते. शकू ते गोळा करत होती आणि मनात नाम घेत होती.

वाचून झाल्यावर सर उठले, टेबलावरची वही घेऊन आले, पानं उलटली. आणि एका पानावर थांबून खो खो हसायला लागले. कलावतीबाई हात पुसत बाहेर आल्या.

"काय झालं हो?"

"काय होणार? मी चोर पकडला होता, आणि चोर माझ्याच शेजारी बसलेला!" सरांनी वही मालनताईंपुढे धरली. "वाचा. आहे तसं वाचा."

मालनताईंनी वाचलं. त्यांचा वाचायचा आवाज आपोआप लागला. "सतरा. दोष. अपूर्णविराम. हळदीचं वाक्य उसनं वाटतं, स्वल्पविराम, कुठून तरी उचललेलं. पूर्णविराम. दोन मार्क वजा."

मग शकूच आधी फिस्सकन हसली.

"म्हणजे सर..."

"म्हणजे त्या वाक्याने या मुलीला वर नेलं नाही, खाली ओढलं. तरी ती वर राहिली. मालनबाई, तुमचं वाक्य चांगलं होतं, उगाच खोटं बोलत नाही. फार चांगलं होतं. म्हणूनच ते टोचलं. हा सगळा निबंध एका न कळणाऱ्या माणसाचा आहे. तिला शब्द कळले नाहीत, हे ती कबूल करते, आणि मग विचारत सुटते. या म्हातारीला विचार, त्या काकाला विचार. तिचं बळ त्या विचारण्यात आहे. आणि मध्येच हे वाक्य येतं, त्याला सगळं ठाऊक. मला वाटलं, ही पोर इतका वेळ खरं बोलत होती, इथे कुणाचं तरी घालून मिरवतेय."

"मला तर तो दोष वाटला होता," मालनताई हळू आवाजात म्हणाल्या. "तिला कळत नाही हा. मी चिठ्ठीत तसं लिहिणार होते. विषयाची माहिती अपुरी, म्हणून."

"लिहू नका."

"नाही लिहीत."

"आता समीक्षाला विचारू. तिने काय केलंय देव जाणे." सरांनी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. सर सांगत होते आणि पलीकडून समीक्षा मधूनमधून "काय सांगता!" म्हणत होती.

"सर, त्या वाक्यालाच तर मी एक मार्क एक्स्ट्रा दिलेला! मालन मॅडम, तुम्ही लिहिलेलं ते? कसल्या भारी आहात तुम्ही!"

"भारी नाय गं, चुकले मी."

"बरं, मग माझा तो एक मार्क काढा. पण मी अजून म्हणते, वाक्य मस्त होतं."

"माझा पण अर्धा काढा," मालनताई म्हणाल्या. "वाचताना मला ते आवडलं होतं. म्हणजे मी माझंच माझ्यावर खूश झाले."

सरांनी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावरच हिशेब केला. आपले कापलेले दोन परत दिले, समीक्षाचा एक घेतला, मालनताईंचा अर्धा घेतला. सतरा नंबर पुढेच राहिला, आधी अर्ध्याने होता तो आता एकाने.

"वॉचमनवाल्या बाईंचं तुम्ही काही घेतलेलं नाही," सर म्हणाले. "त्यांचा निबंध दुसराच आहे, आणि चांगला दुसरा आहे."

मालनताईंनी डोळ्यांना पदर लावला. मग एकदम त्यांचं लक्ष वर्तमानपत्राकडे गेलं आणि त्या भराभर शेंगा सोलू लागल्या. एकेक दाणा नीट भांड्यात.

"तरी पण पुढच्या वर्षी मी वाचणार नाही."

"का?"

"आवाज माझा राहिला नाही माझ्या ताब्यात."

"आवाज तसाच आहे. समोर देवराम मास्तर नाहीत, एवढंच झालंय. एकतीस वर्षं तुमच्यासमोर माणूस कागद धरून बसलेला. आम्ही तुम्हाला एकटं बसवलं, चूक आमची." सरांनी एक शेंग त्यांच्याकडे सरकवली. "पुढच्या वर्षी शकूताई झेरॉक्स घेऊन समोर बसतील. तुम्ही घसरलात की टेबलावर बोट वाजवतील. मार्क देत नाहीत त्या, म्हणजे अक्षर दिसलं तरी बिघडत नाही. काय हो, जमेल?"

"मी?" शकू म्हणाली. "मालनताईंना टोकायचं? मला नाही बाई धीर व्हायचा."

"वाजव गं," मालनताई म्हणाल्या. "जोरात वाजव."

कलावतीबाईंनी चहा दिला, वर एका पिशवीत मटारचे दाणे दिले, नको नको म्हणताना. खाली उतरल्यावर शकूने रिक्षा बघायला मान वळवली, तर मालनताई तलावाच्या बाजूला चालायलाही लागल्या होत्या. सकाळी जिन्यात दोनदा थांबलेली बाई आता पुढे आणि शकू मागे. कठड्याजवळच्या बाकावर त्या बसल्या, चपला काढल्या आणि पाय लांब केले. तलावापलीकडच्या देवळात घंटा वाजली तसे दोघींचेही हात आपोआप जोडले गेले.

"सुटले बाय," त्या म्हणाल्या. "काल दुपारपासून घास उतरत नव्हता. आता भूक लागलीय तर हे कच्चेच मटार खाईन असं वाटतंय."

"खा की."

त्यांनी खरंच मूठभर काढले, अर्धे शकूच्या हातावर ठेवले. दोघी खात बसल्या. पाण्याकडून वारा येत होता. समोर एक म्हातारे गृहस्थ स्वेटर घालून फेऱ्या मारत होते.

"सरांनी म्हटलं ते खरं," मालनताई मग म्हणाल्या. "ती पोर विचारत होती आणि मी उत्तर देऊन टाकलं. माझ्या आईबद्दल कुणी विचारतंय, एवढंच मला ऐकू आलं. निबंध मी ऐकलाच नाही. वाचला, पण ऐकला नाही. आमच्या धंद्यात तसंच असतं गं. समोरचा ऐकतो, वाचणारीच्या वाट्याला फक्त शब्द."

"मग घरी जाऊन शांतपणे वाचा."

"नको. मी वाचलं की पुन्हा तेच होईल."

त्यांनी पिशवीतून झेरॉक्स काढली, मांडीवर ठेवून हाताने सारखी केली आणि शकूच्या हातात दिली. बोलताना त्यांची छापखान्यातली भाषा सुटली होती, माहेरची आली होती.

"मना आजपरयंत कोनी वाचून नाय दाखवलाय, शकू. शालेत बाईंनी दाखवला असंल तेवराच. तू वाच. पयल्यापासून वाच, हाय तसाच. आनि मी मदीच काय बोलले ना, तरी तू थांबू नको."